विहिरीत पोहणारं लेकरू स्पर्धेत उतरवायचंय? पालकांनी आधी हे जाणून घ्या

वर्धा : जिल्ह्यात पोहणाऱ्या पोरांची कमी नाही. वर्धा, वणा, धाम, यशोदा या नद्यांच्या काठची गावं असोत की शेतातली विहीर, बाप नाहीतर काका पाठीला डबा बांधून लेकराला पाण्यात सोडतो आणि काही दिवसांत ते हातपाय मारू लागतं. मात्र हेच लेकरू शाळेकडून जिल्हा, विभाग आणि राज्याच्या स्पर्धेत उतरू शकतं, हे अनेक पालकांना माहीत नसतं.

विहिरीतलं पोहणं वेगळं, स्पर्धेतलं वेगळं

विहिरीत पोहणाऱ्या मुलाची पाण्याची भीती गेलेली असते, ही मोठी जमेची बाजू. पण स्पर्धेत नुसतं तरंगून चालत नाही. तिथे चार प्रकार असतात : फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक म्हणजे पाठीवर पोहणं, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय. हे चारही एकाच शर्यतीत पोहायचे असतील तर तिला मेडले म्हणतात. चौघांनी मिळून पोहायची ती रिले.

तलाव २५ किंवा ५० मीटर लांबीचा असतो. प्रत्येकाने आपल्याच पट्ट्यात पोहायचं असतं. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. शिट्टी-इशाऱ्याआधी उडी मारली तर मूल बाद होतं. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना व शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. एक हात लागला तर पहिलं येऊनही उपयोग नाही. म्हणून प्रशिक्षक लागतोच.

नाव कुठे नोंदवायचं?

स्पर्धेचे दोन मार्ग आहेत.

• शालेय स्पर्धा : या क्रीडा विभाग घेतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, मुला-मुलींचे वेगळे. नाव शाळेकडूनच जातं. त्यामुळे सत्र सुरू होताच क्रीडा शिक्षक किंवा मुख्याध्यापकांना भेटा. जिल्ह्यात जिंकलेलं मूल नागपूर विभागात, तिथून राज्यस्तरावर आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धेत जातं.

• संघटनेच्या स्पर्धा : या राज्य जलतरण संघटना आणि भारतीय जलतरण महासंघामार्फत होतात. त्यात बहुधा प्रशिक्षकामार्फत किंवा क्लबकडून उतरावं लागतं.

जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड तयार ठेवा. तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, ते आजच पाहा. ऐनवेळी मूल मागे राहतं ते अशाच कागदामुळे.

तलाव निवडताना

सध्या जवळचा कोणता तलाव सुरू आहे, हे वर्ध्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येतं. पैसे भरण्याआधी एकदा स्वतः जाऊन पाहा.

• पाण्याचा तळ स्पष्ट दिसतो का?
• जीवरक्षक पूर्णवेळ काठावर असतो का?
• शिकणाऱ्यांसाठी उथळ भाग वेगळा आहे का?
• मुलींना कपडे बदलायला बंद खोली आणि महिला प्रशिक्षक आहे का?
• पालकांना बसून सराव पाहता येतो का? नाही म्हणत असतील तर दुसरा तलाव शोधा.

मुलाला फिट येत असेल, दमा असेल किंवा कान वाहत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सराव आणि खर्च

गाव दूर असेल तर उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरापासून सुरुवात करा. मुलाला गोडी लागली की मग रोजच्या येण्या-जाण्याचा विचार करता येतो. सुरुवातीला पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल आणि टॉवेल एवढंच लागतं. सुती कपडा पाण्यात जड होतो, तो चालत नाही. मुलींसाठी गुडघ्यापर्यंतचा पोशाख नियमात बसतो. महागड्या पावडरींची गरज नाही. भाकर, वरण, अंडी, शेंगदाणे, केळी, दूध पुरे. फक्त भरपेट जेवून लगेच पाण्यात उतरू देऊ नका.

पहिल्या वर्षी पदकाचा हिशेब नको. प्रत्येक शर्यतीची वेळ वहीत लिहून ठेवा. मागच्यापेक्षा कमी वेळ लागला, की लेकरू पुढे चाललं आहे.

पुढे काय?

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला तेव्हा जेमतेम १६ वर्षांचा होता. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक जिंकलं. जलतरणात भारताला हे पदक २४ वर्षांनी मिळालं. पुढे राज्य शासनाने त्याला तहसीलदार केलं. अमरावतीच्या कांचनमाला पांडे यांना दृष्टी नाही, तरी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. दिव्यांग मुलांनाही ही वाट खुली आहे.

सगळेच तिथवर जात नाहीत. पण ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा.

डोहात एकट्याने सराव नको

स्पर्धेचं वेड लागलेलं पोर तलाव बंद असला की डोह, खदान किंवा शेततळ्याकडे धाव घेतं. शेततळ्याचं प्लास्टिक निसरडं असतं, चांगला पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही. डोहातला गाळ आणि धरणातून सोडलेलं पाणी वरून कळत नाही. सोबत पोहणारं मोठं माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्या. जिल्ह्यात पहिला येणाऱ्या पोरालाही तो लागू आहे.