कुंकवाखालचा डाग



मंडळाच्या कार्याचा इतिहास इतर भगिनी लिहितीलच. मी आपल्या कपाळावरील एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगणार आहे, कारण तिच्यापायी आमच्या घरात एकदा फार मनस्ताप झाला.

माझ्या लहानपणी बिलोलीत आई व आजी कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवीत आणि त्यावर कुंकू लावीत. शेजारच्या तेलुगू बायका त्यालाच बोट्टू म्हणत. ते कुंकू हळदीचे असे. हळदीला चुन्यासारखा क्षार भेटला की ती लाल होते. हळदीच्या डागावर साबण फिरवला म्हणजे हे कोणाच्याही ध्यानात येते. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव याच धंद्याने नावारूपास आले. पुढे स्वस्त कृत्रिम रंग आले, मेणाची डबी फडताळात गेली, आणि गोंदाची टिकली घरोघर आली. सोय झाली, हे मी नाकारीत नाही.

अशीच टिकली माझी धाकटी जाऊ वर्षानुवर्षे लावीत असे. एके दिवशी तिच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग दिसला. घरात 'कोड' हा शब्द कुजबुजत फिरू लागला. तिच्या मुलीचे स्थळ त्याच सुमारास जमत आले होते. पाहुण्यांनी 'पुढे पाहू' असे कळविले. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे तेव्हा कोणी सांगते तरी ऐकतो कोण? मीही त्या दिवसांत तिच्या करंड्यात बोट घालीनाशी झाले, हे आज कबूल करते.

नांदेडच्या डॉक्टरांनी डागाचा गोल पाहूनच टिकली काढून हातात घेतली. अलाहाबादचे डॉ. बजाज व त्यांचे सहकारी यांनी १९९० सालीच हे शोधून काढले होते. टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल हे द्रव्य कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारते. कित्येकदा खाजसुद्धा सुटत नाही, म्हणून संशय येत नाही. याउलट १९८६ साली गोह व कोझुका यांनी कुंकवाने कपाळ काळवंडलेल्या स्त्रिया तपासल्या; तेथे दोष कुंकवातील कृत्रिम रंगांकडे निघाला.

हा दुसरा प्रकार ॲलर्जीचा. बिब्बा एखाद्यालाच का उततो, हे आपण पाहतोच, तसेच हे. वस्तू पहिल्यांदा लावताच काही होत नाही. शरीर तिला ओळखून ठेवते, आणि मग महिन्यांनी वा वर्षांनी ती लावल्यावर एकदोन दिवसांनी पुरळ, खाज, सूज उठते. तोवर आपण कालच्या वांग्याला दोष देऊन मोकळ्या होतो! खरे कारण शोधण्यासाठी डॉक्टर संशयित द्रव्ये पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात. ही युक्ती याडासोन या जर्मन वैद्याने १८९५ साली मांडली.

नवी वस्तू आणली की ती चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडी, असे आठवडाभर लावून पाहावी. केसांच्या काळ्या रंगाविषयी व 'काळ्या मेंदी'विषयी तर फारच जपावे. खरी मेंदी काळी नसते. तिच्यात बहुधा पॅरा-फेनिलिन-डायमिन घातलेले असते. त्याने एकदा अंग उठले, तर पुन्हा कधीही ते लावू नये. डोळे सुजले, धाप लागली, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. एरवी वस्तू बंद करावी, साध्या पाण्याने धुवावे, आणि दुकानातून विचारून आणलेले मलम चोळू नये. त्यातील स्टेरॉईडने कातडी पातळ होते.

जाऊने टिकली सोडली. डाग कडेकडेने भरत आला. मधला मुगाएवढा ठिपका मात्र तसाच राहिला. सासूबाईंची मेणाची डबी फडताळातून निघाली. पहिले स्थळ काही परत आले नाही. दोन वर्षांनी देगलूरकडचे आले. त्या दिवशी मी म्हटले, "अगं, कुंकू जरा मोठे लाव." तिने नेहमीएवढेच लावले आणि पोह्यांचे ताट घेऊन बाहेर गेली.