दसऱ्यापर्यंतची टीम

पाटोद्यात तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा लागायच्या तेव्हा बालाघाटातली सीताफळं नुकती डोळे उघडायला लागलेली असायची. मैदानावर फक्की मारून झाली की सर आम्हाला तासभर मोकळं सोडायचे. आम्ही डोंगराच्या कडेला जाऊन खिसे भरून आणायचो आणि कच्ची निघालेली दप्तरात, खो-खोच्या चड्डीत गुंडाळून पिकत घालायचो. स्पर्धेच्या आठवड्यात आमच्या सगळ्या चड्ड्यांना सीताफळाचा वास यायचा. आता बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पुण्यात ते खोक्यात बसून विकायला येतं. मला मात्र त्या वासासोबत आधी शिट्टी ऐकू येते.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कुणीतरी जुना फोटो टाकतं. खो-खोची टीम, 1989, पाठीमागं शाळेची भिंत, पुढं जिल्ह्याची ढाल. मग सुरू होतं, ‘काय दिवस होते राव’, ‘आताच्या पोरांना मैदान माहीत नाही’, हात जोडलेले, डोळ्यात पाणी आलेले इमोजी. मीही टाकतो. पण त्या फोटोत बारा जण आहेत आणि ग्रुपवर सातच. उरलेल्या पाचांपैकी चौघांचा नंबर कुणाकडेच नाही असं नाही. आहे. त्यांना ग्रुपमध्ये घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. का आलं नाही, हे शोधता शोधता हा लेख झाला.

लहान गावातल्या शाळेच्या टीमबद्दल हळवं होण्यात अमेरिकन लोकांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्याकडे ती जागा बास्केटबॉलची आहे. 1954 साली इंडियाना राज्यातल्या मिलान नावाच्या खेड्यातल्या 161 विद्यार्थ्यांच्या हायस्कूलनं मन्सी शहरातल्या बलाढ्य शाळेला अंतिम सामन्यात 32-30 असं हरवलं. शेवटचा बास्केट अगदी शेवटच्या क्षणी पडला. सत्तर वर्षं झाली, तरी लोक अजून तो सांगतात, त्यावर सिनेमाही निघाला. मला त्यात वेगळीच गंमत वाटते. जेम्स नायस्मिथ या शिक्षकानं 1891 साली हा खेळ काढला तो मुळी हिवाळ्यासाठी. बाहेर बर्फ, पोरं आत कोंडलेली, त्यांना गुंतवून ठेवायला सज्जाच्या कठड्याला दोन टोपल्या टांगल्या. म्हणजे त्यांच्या खेळाचा हंगाम हिवाळा. सगळं गाव घरात असतं, म्हणून सगळं गाव सामन्याला.

आमच्याकडे हिवाळ्यात गावात कुणी नसायचं.

पाटोद्यात बास्केटबॉलचा खांब मी शाळेत असेपर्यंत पाहिला नाही. आमचे खांब खो-खोचे. दोन लाकडी खांब, पोतंभर फक्की आणि एक शिट्टी, एवढ्यात शाळेचा क्रीडा विभाग पूर्ण व्हायचा. कबड्डीला तर खांबही लागत नाही. या खेळांना ‘मातीतले’ म्हणून आपण उगाच गहिवरतो. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात 1914 साली समिती बसवून लिहायला घेतले गेले. तो तसा शहरी, शिकलेल्या लोकांनी शिस्तीत बसवलेला खेळ. आमच्या भागात तो सार्वत्रिक झाला तो शाळांमुळं, आणि शाळाच उशिरा आल्या. सप्टेंबर 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरचं शिक्षण उर्दूतून, आणि तेही मोठ्या गावांपुरतं. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, त्यानंतर तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतून हायस्कुलं उभी राहिली आणि प्रत्येक हायस्कुलात एक पी.टी.चे सर आले. ज्या माणसाच्या शिट्टीवर आम्ही वाढलो, त्याचं पदच आमच्या वडिलांच्या शाळेत नव्हतं.

पण त्याच काळात दुसरंही एक वेळापत्रक तालुक्यात रुजत होतं. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मागोमाग नगर, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे कारखान्यांची रांग लागली. ऊस तिकडं, तोडणारे हात इकडं. बालाघाटाच्या माथ्यावर मुरमाड जमीन, भरवसा नसलेला पाऊस, बाजरी आणि तूर. मांजरेसारखी नदी आमच्याच डोंगरात उगम पावते, पण तिचं पाणी आमच्या कामाला येईपर्यंत ती पुढं निघून गेलेली असते. 1972 च्या दुष्काळानंतर तर गावंच्या गावं तोडीला जायला लागली. मुकादम पावसाळ्यात उचल वाटायचा, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा झाला की ट्रक लागायचे, बैलांच्या टायरगाड्या जुंपल्या जायच्या. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, शेळी, म्हातारी, तान्हं पोर. परत यायचं ते पाडव्याच्या आसपास.

आता शाळेच्या स्पर्धांचं वेळापत्रक बघा. तालुका ऑगस्ट-सप्टेंबरात. जिल्हा दसऱ्याच्या आधी. विभाग दसऱ्यानंतर, राज्य दिवाळीनंतर. ही दोन वेळापत्रकं शेजारी ठेवली की आमच्या भागाचा शालेय खेळांचा अर्धा इतिहास तुम्हाला कळला. दसऱ्याच्या आत जेवढं जिंकता येईल तेवढं आमचं. त्यापुढचं त्यांचं, ज्यांचे आई-बाप घरी असतात त्यांचं.

आमचा कप्तान पळतीतला होता. ज्यांनी खो-खो नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बसलेले आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंडं करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला वळता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही; पळणाऱ्याला दोन्ही मुभा. पळणारे तिघा-तिघांच्या तुकडीनं आत येतात. बहुतेक पोरं मोकळ्या जागेत गोल फिरतात आणि दमून बाद होतात. आमचा कप्तान बसलेल्या गड्यांमधून साखळी विणल्यासारखा निघायचा, न धावता. खरंच, तो धावतोय असं वाटायचंच नाही. पाठलाग करणाऱ्याच्या पायाकडं न बघता कमरेकडं बघायचा. ‘पाय खोटं बोलत्यात, कंबर नाही’ हे वाक्य त्यानं मला शिकवलं. मी ते गेली पंचवीस वर्षं माझं म्हणून पोरांना शिकवतोय.

मी राखीव होतो. बसायचो चांगला, खो वेळेवर द्यायचो, पण खांबावर सूर मारताना डोळे मिटायचे. वडिलांचं बाजारपेठेत किराणा दुकान, त्यामुळं घरात दूध असायचं आणि अंगात ताकद असायची. पण दूध पिऊन कंबर वाचता येत नाही.

त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो. लाल डब्यातून ढाल मांडीवर घेऊन मांजरसुंब्याच्या घाटातून आलो, एस.टी. स्टँडवर कुणीतरी गुलाल आणला होता. तो ग्रुपवरचा फोटो दुसऱ्या दिवशीचा. विभागाला औरंगाबादला जायचं होतं, दसऱ्यानंतर आठवड्यानं. सरांनी पोरांना घरून ताट-वाटी आणि पांघरूण आणायला सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला आठ जण आले. तिसऱ्या दिवशी सात.

सर सायकलवर कप्तानाच्या वस्तीवर गेले. मला मागं बसवून नेलं, कारण घर मला माहीत होतं. कप्तानाचा बाप बैलांच्या शिंगांना रंग लावत होता. सर म्हणाले, आठ दिवसांचा प्रश्न आहे, पोराला माझ्या घरी ठेवतो, नंतर मी स्वतः फडावर आणून सोडतो. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “गुर्जी, ह्याच्या माईचं बाळंतपण झालंय. तिला मोळी उचलायची नाही. औंदा कोयत्याला हा हाय. उचल ह्याच्या नावावं घेतलीय.”

कप्तान तिथंच होता. गाडीच्या जुवाला दोरी बांधत होता. त्यानं मला विचारलं, “औरंगाबादला मैदान मातीचं असतंय का मुरमाचं?” मला माहीत नव्हतं.

आम्ही विभागाला गेलो आणि हरलो. त्याच्या जागी मी पळालो. दोन्ही डावांत मी पहिल्या तुकडीतून सगळ्यात आधी बाद झालो. तरी ‘विभागीय स्तरावर सहभाग’ असं छापलेलं, शिक्क्याचं प्रमाणपत्र मला मिळालं. पुढं बी.पी.एड.च्या प्रवेशाला मैदानी चाचणीबरोबर खेळाच्या प्रमाणपत्रांचेही गुण धरले, त्यात ते चाललं. मी आज क्रीडाशिक्षक आहे त्यात त्या कागदाचा वाटा आहे. हे मी ग्रुपवर कधी लिहिलेलं नाही.

मुलींच्या टीमबद्दल मला कमी सांगता येईल, कारण आम्ही त्यांच्याकडं तेव्हा बघितलंच नाही. एवढं आठवतं की त्यांची टीम दसऱ्याला फुटायची नाही, लगीनसराईत फुटायची. आठवीतली टीम दहावीत कधी पूर्ण दिसली नाही. कोयता म्हणजे जोडी, आणि जोडी लवकर लागली तर उचल लवकर मिळते, हा हिशोब मला शिक्षक झाल्यावर कळला.

‘आपल्या भागात टॅलेंटच नव्हतं’ असं ग्रुपवर कुणी म्हटलं की मी नावं मोजून दाखवतो. राहुल आवारे आमच्या पाटोद्याचा. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, 2019 च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्य. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, तीन हजार मीटर स्टीपलचेस, बर्मिंगहॅमला 2022 साली रौप्य, पुढच्या वर्षी आशियाई सुवर्ण, 2024 ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. आणि खो-खोच म्हणाल तर केज तालुक्यातली प्रियंका इंगळे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, महिलांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला 78-40 असं हरवलं, त्या टीमची ही कर्णधार. मी तो सामना मोबाइलवर बघितला. मॅट, दिवे, स्लो मोशन. बसलेल्या गड्यांमधून एक पोरगी साखळीनं निघाली आणि मी उभा राहिलो, घरातली मंडळी हसली.

पण या तिघांच्या गोष्टीत एक गोष्ट सारखी आहे. आवारे पुण्याच्या तालमीत गेला. साबळे सैन्यात गेल्यावर स्टीपलचेसला लागला, तोवर त्यानं तो अडथळ्यांचा प्रकार खेळलेलाही नव्हता. इंगळे पुणे परिसरात घडली. तिघांनाही कुठंतरी बारा महिने एकाच ठिकाणी राहून खेळायला मिळालं. धाराशिवची सारिका काळे जिल्ह्यात राहूनच भारताची कर्णधार झाली आणि 2020 साली अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. तिथंही बघा, वर्षभर चालणारं मैदान आणि वर्षभर हजर असणारे प्रशिक्षक होते. आम्हाला हे सगळं होतं, फक्त साडेतीन महिने.

कप्तान मला अधूनमधून भेटतो. मध्ये बरीच वर्षं मुकादमकी केली, त्यात बुडाला, आता गुडघे गेलेत. दोन वर्षांपूर्वी सौताड्याला श्रावणात भेटला, धबधब्याला गर्दी होती, तो मक्याची कणसं भाजत होता. मी मोबाइल काढून फोटो दाखवला. त्यानं बोटांनी मोठा केला, स्वतःला बघितलं, मग प्रत्येकाचं नाव घेतलं, कोण कुठल्या कारखान्याला असायचा ते सांगितलं. स्कोअर त्याला आठवत नव्हता. मी म्हणालो, ग्रुपमध्ये घेतो तुला. म्हणाला, “घे की. पण मी काय टाकू त्यात?”

मी नोकरीला लागलो ते नगर जिल्ह्यात, ऐन उसाच्या पट्ट्यात. म्हणजे जिथं आमची टीम दसऱ्यानंतर गायब व्हायची, तिथंच. शाळेच्या कुंपणापलीकडं दर वर्षी कोप्या पडतात. कधी साखरशाळा चालते, कधी चालत नाही. आता आमच्याकडे हंगामी वसतिगृहं आहेत, 2021 साली सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह योजनाही आणली. काही पोरं त्यामुळं मागं राहतात हे खरं आहे. काही तरीही येतात. धाकट्याला सांभाळायला, म्हशीला बघायला, किंवा आईचं बाळंतपण झालेलं असतं म्हणून.

गेल्या डिसेंबरात एक पोरगं सलग तीन दिवस कुंपणाला टेकून आमचा सराव बघत होतं. चौथ्या दिवशी मी आत बोलावलं. पळतीला उभं केलं. माझी टीम तालुक्याला उपविजेती होती आणि तिला तो पोरगा सापडेना. दम लागल्यावर माझी पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तो मात्र चवड्यावरच.

मी विचारलं, “कुठला रे?”

“पाटुद्याकडला, सर.”

शाळेचं नाव त्यानं सांगितलं. नाव तिथल्याच हजेरीवर, त्यामुळं माझ्या शाळेकडून त्याला खेळवता येणार नव्हतं; ऑनलाइन प्रवेशिकेत विद्यार्थ्याचा नंबर टाकावा लागतो आणि तसंही आमचा तालुका होऊन गेला होता. मी विचारलं, तुमची टीम कुठवर गेली यंदा?

“विभागाला गेलती. मी इकडं आलो.”

“मग तुझ्या जागी?”

“व्हता एक राखीवमधला,” तो म्हणाला, आणि पायातली कुसळं काढायला खाली बसला. “बरा पळतोय तो. पण सूर मारायला भेतोय.”

मी त्याला शाळेचे जुने बूट दिले. ते त्यानं पायात न घालता गळ्यात अडकवले, कारण पाच वाजले होते आणि त्याला फडावरून वाढ्याची मोळी आणायला जायचं होतं.