भुलीची वाटणी

कोल्हापुरात जुनी माणसे सीपीआर रुग्णालयाला अजून थोरला दवाखाना म्हणतात. संस्थानी काळातले हे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल; १८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशींची नेमणूक झाली ती इथल्याच स्त्रियांच्या विभागावर. त्या काळी हिंदुस्थानातल्या इस्पितळांत क्लोरोफॉर्मचे राज्य होते. ईथर इथल्या उन्हाळ्यात भराभर उडून जाई, शिवाय पेट घेई; क्लोरोफॉर्म गोडसर वासाचे आणि थोडक्यात काम भागवणारे. नाकातोंडावर कापड धरायचे, वर थेंब थेंब सोडायचे आणि माणूस निपचित पडला की सुरी लावायची. झोप, वेदनेपासून सुटका, स्नायूंची ढिलाई, सगळे एकाच बाटलीतून. 'भूल दिली' असे आपण म्हणतो तेव्हा अजूनही मनात ती एकच बाटली असते. भूलशास्त्र पुढे सरकले ते मात्र ही बाटली सोडल्यामुळे.

सोडणे सोपे नव्हते. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. तेव्हापासून दोष औषधाचा की देणाऱ्याचा, हा वाद सुरू झाला. हैदराबादेत एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग चालवले, शेकडो जनावरांवर प्रयोग केले आणि निर्वाळा दिला की हृदयाला धोका नाही, श्वासावर नजर ठेवली की झाले. श्वासाबद्दलचा सल्ला मोलाचा होता, हृदयाबद्दलचा निष्कर्ष चुकला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अ‍ॅड्रिनलिन दिले तर हृदयाची लय विस्कटून ते बंद पडू शकते. म्हणजे मात्रा वाढवली तर श्वास जातो, आणि कमी ठेवली तर घाबरलेल्या रुग्णाचे हृदय दगा देऊ शकते. एकाच औषधाची मात्रा वरखाली करून ही कोंडी सुटणारी नव्हती.

मग औषधे एकत्र करावीत, हे सुचले होतेच. जॉर्ज हार्ली यांचे मिश्रण म्हणजे १ भाग मद्यार्क, २ भाग क्लोरोफॉर्म, ३ भाग ईथर. १८६४ मध्ये लंडनच्या वैद्यकीय समितीने त्याची शिफारसही केली. पण ईथर आधी उडते, क्लोरोफॉर्म मागे रेंगाळते. सुरुवातीला रुग्ण ईथर हुंगतो आणि शेवटी, नेमका थकलेला असताना, जवळजवळ नुसते क्लोरोफॉर्म. बाटलीत मिसळण्याने काही साधले नाही. १९२६ मध्ये जॉन लंडी यांनी 'संतुलित भूल' ही कल्पना मांडली. तिच्यात औषधे मिसळायची नव्हती, कामे वाटायची होती. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे वापरले आणि स्नायू ढिले करण्याचे काम झोपेच्या औषधाच्या डोक्यावरून उतरले. पोट सैल पडावे म्हणून रुग्णाला मरणाच्या दारापर्यंत नेण्याची गरज संपली.

यावर आक्षेप येतो की जितकी औषधे जास्त, तितका धोका जास्त. तो उडवून लावण्यासारखा नाही. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी स्वयंसेवकांना नुसते मिडाझोलाम हे गुंगीचे औषध दिले तेव्हा रक्तातला प्राणवायू घसरला नाही. नुसत्या फेंटानिल या वेदनाशामकाने ६ जणांचा घसरला. दोन्ही मिळून दिल्यावर ११ जणांचा घसरला आणि ६ जणांचा श्वासच थांबला. मात्र इथे कोणत्याही औषधाची मात्रा घटवलेली नव्हती. ही बेरीज झाली, वाटणी नव्हे. वाटणीत प्रत्येकाचा हिस्सा कमी करावा लागतो, आणि श्वासावर नजर ठेवण्यापलीकडे दुसरे काम नसलेला माणूस उशाशी लागतो. लॉरींच्या निर्वाळ्याचा अर्धा भाग इथे खरा ठरतो.

आज सिझेरियनसाठी मणक्यात दिलेली सुई पाहा. त्या दोन-अडीच मिलिलिटरमध्ये बधिर करणारे ब्युपिव्हाकेन साधारण १० मिलिग्रॅम असते आणि बऱ्याचदा सोबत फेंटानिलचे १० ते २५ मायक्रोग्रॅम. फेंटानिलमुळे ब्युपिव्हाकेन कमी पुरते, म्हणून रक्तदाब कमी कोसळतो; बाई जागी राहते, बाळाचे रडणे ऐकते. वाटणीची किंमत म्हणून काही जणींना अंगाला खाज सुटते. ती थोड्या वेळाने ओसरते.