वर्गीकरण, आंतरजालावरील माहितीचे

आंतरजालावरील पाने, चित्रे, शोधनिबंध, विक्रीच्या वस्तू इत्यादींची मांडणी ग्रंथालयशास्त्रातील वर्गीकरणपद्धतींच्या आधारे करणे. हे दोन वाटांनी झाले. पहिल्या वाटेत छापील पुस्तकांसाठी सिद्ध झालेले वर्गांक जसेच्या तसे आंतरजालावरील दुव्यांना लावले गेले. दुसऱ्या वाटेत वर्गांक बाजूला ठेवून विषयाचे पैलूंमध्ये पृथक्करण करण्याची रीत तेवढी उचलली गेली. पहिली वाट १९९० च्या दशकात बरीच चोखाळली गेली आणि ओस पडली. दुसरी आज बहुतेक मोठ्या संकेतस्थळांवर रूढ आहे.

पूर्वपीठिका : मेल्व्हिल ड्यूई यांची दशांश वर्गीकरणपद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुस्तक फळीवर एकाच जागी उभे राहू शकते, म्हणून त्याला वर्गांकही एकच, हे तिचे व्यावहारिक अधिष्ठान. मराठी ग्रंथपालांच्या हाताखालून रोज जाणारा ८९१.४६३ हा अंक पाहावा. यातील ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि शेवटचा ३ म्हणजे कथा-कादंबरी. भाषा व साहित्यप्रकार हे दोन स्वतंत्र तपशील आहेत. पण अंकात भाषा आधी आल्यामुळे सर्व भाषांतील नाटके एकत्र हवी असणाऱ्याला फळ्यांमागून फळ्या धुंडाळाव्या लागतात. संगणकावरील यादीला ही सक्ती नाही. आंतरजालाच्या संदर्भात या पद्धतींचा फेरविचार करावा लागला, तो मुख्यतः यामुळे.

रंगनाथन यांची पद्धती : शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे गणिताचे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे एका मोठ्या दुकानात मेकॅनो हा खेळ पाहून त्यांना नव्या पद्धतीची कल्पना सुचली : मोजक्या पट्ट्या आणि स्क्रू यांतून जशी अनेक यंत्रे जुळतात, तसे मोजक्या घटकांतून हवे तितके विषय जुळवता यावेत. त्यांची द्विबिंदू वर्गीकरणपद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्याही विषयाचे पैलू व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत गटांत मोडतात, असे सूत्र त्यांनी पुढे मांडले.

या पद्धतीचे पुष्कळदा दिले जाणारे उदाहरण असे : ‘भारतात १९५० मध्ये फुफ्फुसांच्या क्षयावरील क्ष-किरण उपचारांविषयी झालेले संशोधन’. याचा वर्गांक (रोमन अक्षरे येथे देवनागरीत) एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५ असा होतो. एल म्हणजे वैद्यक, ४५ फुफ्फुस, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, एफ संशोधन, ४४ भारत आणि एन५ म्हणजे १९५०. मधली विरामचिन्हे पुढचा घटक कोणत्या गटातला आहे ते सांगतात. असा अख्खा विषय कोणत्याही कोष्टकात तयार लिहिलेला नसतो, तो दर वेळी जुळवावा लागतो. लांबलचक अंकांमुळे ही पद्धती भारताबाहेर फळ्यांवर फारशी रुजली नाही, परंतु पैलू-विश्लेषणाचा विचार दूरवर गेला. लंडनमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटाने १९५५ मध्ये सर्व माहितीशोधाचा पाया पैलूदर्शी वर्गीकरण हाच असावा, अशी भूमिका जाहीर केली.

निर्देशिकांचा काळ : जेरी यँग व डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या याहू निर्देशिकेत माणसांनी निवडलेले दुवे उतरंडीने लावलेले असत. एखादा वर्ग दोन ठिकाणी दाखवला, तर दुय्यम ठिकाणी त्याच्यापुढे ‘ॲट’ हे चिन्ह येई आणि वाचकाला मूळ जागी नेले जाई. फळी उरली नव्हती, तरी प्रत्येक वर्गाचे एकच खरे घर असते हा फळीचा नियम शिल्लक राहिला. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील ‘बबल’ या सेवेने निवडक दुव्यांना सरळ ड्यूई वर्गांक दिले. तिचे अद्ययावतीकरण २०११ मध्ये थांबले. याहू निर्देशिका २०१४ च्या अखेरीस आणि स्वयंसेवकांनी चालवलेली ‘डीमॉझ’ २०१७ मध्ये बंद झाली. वर्गांकांसोबत त्यांतले पूर्वग्रहही पडद्यावर आले : ड्यूई यांच्या धर्मविषयक वर्गात २२० ते २८९ ही बहुतांश जागा ख्रिस्ती धर्माला असून इतर सर्व धर्म २९० मध्ये दाटीवाटीने बसवलेले आहेत.

पैलूनिहाय शोध : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ‘फ्लेमेंको’ प्रकल्पात मार्टी हर्स्ट व सहकाऱ्यांनी कलाचित्रांचा संग्रह पैलूंनुसार चाळण्याची सोय उभारली. प्रत्येक पर्यायासमोर त्याखाली किती चित्रे आहेत तो आकडा दिसे, त्यामुळे वाचक रिकाम्या निकालावर जाऊन आदळत नसे. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००६ मध्ये आपली तालिका याच धर्तीवर आणली. त्यात विषय, प्रकार, भाषा यांबरोबर काँग्रेस ग्रंथालयाचा वर्गांक हाही एक पैलू होता, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर बसणारा वर्गांक इतरांच्या ओळीत आला. विक्रीच्या संकेतस्थळांवरील रंग, किंमत, माप अशा गाळण्या याच जातीच्या. त्यांचा रंगनाथन यांच्याशी थेट वारसा किती, याविषयी एकमत नाही.

मात्र रीत उचलताना तिची शिस्त अनेकदा मागे राहिली. एका वेळी एकाच लक्षणाने विभागणी करावी, हा वर्गीकरणाचा प्राथमिक नियम आहे. एखाद्या पुस्तकविक्रीच्या पानावर ‘कादंबरी, मराठी, बालवाचक, सवलतीत’ असे चार पर्याय एकाच ओळीत आले, की साहित्यप्रकार, भाषा, वाचकवर्ग आणि किंमत यांची सरमिसळ होते व मुलांसाठीची मराठी कादंबरी नेमकी कुठे पाहावी ते वाचकाला कळत नाही. हा दोष तांत्रिक नसून विश्लेषणाच्या अभावाचा आहे आणि कितीही वेगवान शोधयंत्राने तो दूर होत नाही.



मराठीतील स्थिती : मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांतील नोंदी अकारविल्हे आहेत, संकेतस्थळावर ज्ञानमंडळांनुसार, म्हणजे विषयवारही, नोंदींपर्यंत पोहोचता येते. मराठी विकिपीडियावर एक लेख अनेक ‘वर्गां’त ठेवता येतो. साने गुरुजींवरील लेख लेखकांत बसतो, तसाच स्वातंत्र्यसैनिकांतही. पण ‘स्वातंत्र्यसैनिक असलेले लेखक’ अशी यादी वर्गांच्या पानांवर हवी असेल, तर तसा जोडवर्ग कोणीतरी हाताने घडवावा लागतो. पैलू वेगळे नोंदवले असते, तर तीच यादी यंत्राने जुळवली असती. नामरूपांचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव आणि त्यांची रोमन लिपीतील निरनिराळी लेखने एकाच व्यक्तीची आहेत, हे नोंदवणारी अधिकृत नामसूची नसेल, तर ‘लेखक’ हा पैलू एकाच ग्रंथकाराची पुस्तके तीन-चार ठिकाणी विखरून टाकतो.