लोखंडी वाटेची कुळकथा

श्रावण लागला की नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर पचमढीच्या गाड्यांना गर्दी लोटते. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत माणसं सातपुड्याच्या माथ्यावर उतरतात आणि नागद्वारची पायी वाट धरतात. धूपगडाच्या आसपासच्या दऱ्याखोऱ्यांतून ती पद्मशेषाच्या गुहेकडे जाते. जिथे कडा उभा येतो, तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. लुगड्याचा काचा मारलेली आजी, लेकराला खांद्यावर घेतलेला बाप, अनवाणी सेवेकरी, सगळे त्याच शिडीने चढतात. यांच्यातलं कोणी स्वतःला गिर्यारोहक म्हणवत नाही.

आल्प्समध्ये अशा वाटेला ‘व्हिया फेराटा’ म्हणतात, म्हणजे लोखंडी वाट. खडकात ठोकलेल्या सळया, पायऱ्या, शिड्या आणि सोबत अखंड जाणारी पोलादी तार. जर्मनभाषक भागात ‘अ’ ते ‘ई’ अशी तिची प्रतवारी करतात आणि पहिल्या दोन प्रती नवशिक्यांना झेपतात. या वाटेचा मूळपुरुष म्हणून भूगोलतज्ज्ञ फ्रीडरिश झिमोनी याचं नाव घ्यावं लागेल. १८४३ साली त्याने ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन शिखराच्या वाटेवर लोखंडी खुंट्या आणि दोर बसवून घेतले. डोलोमाइट्समधल्या वाटांचा जन्म मात्र दुःखातला आहे. १९१५ ते १९१७ या काळात तिथल्या शिखरांवर इटली आणि ऑस्ट्रियाचे सैनिक समोरासमोर होते. तोफा, जखमी, भाकरी, सगळं कड्यांवरून न्यायचं होतं, म्हणून त्यांनी शिड्या आणि दोर लावले. लागाझुओईच्या ज्या कड्यावर त्यांनी सुरुंग खोदले, तिथे आज हौशी लोक हेल्मेट घालून हिंडतात.

आपल्याकडे युद्धाने उलटं केलं. १८१८ साली इंग्रजांनी सह्याद्रीतले किल्ले घेतले आणि पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये म्हणून कित्येकांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग, मदनच्या तुटक्या वाटांवर आजही दोराशिवाय भागत नाही. शिवनेरीला साखळीची वाट आहे, कळसूबाईला शिड्या आहेत. कळसूबाई हे तर १,६४६ मीटरचं, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण माथ्यावर देवी आहे, म्हणून गावच्या म्हाताऱ्याही तिथे पोहोचतात.

त्याच १८१८ मध्ये नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते थेट महादेवाच्या डोंगरात, म्हणजे याच पचमढीच्या मुलखात. गोंडांनी त्यांना आसरा दिला. पुढे कॅप्टन फोर्सिथने १८६२ मध्ये पचमढीत बायसन लॉज बांधलं आणि ‘पचमढीचा शोध’ त्याच्या नावे लागला. मला हा शोध मान्य नाही. महादेवाची यात्रा त्याच्या आधीपासून भरत होती आणि यात्रेकरूंच्या पायांनी वाटा मळलेल्या होत्या. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूर एका राज्यात आणि पचमढी दुसऱ्यात गेली. विदर्भातल्या माणसाने त्याची फिकीर केली नाही. नागद्वारच्या वाटेवर आजही नागपूरकडची मंडळं राहुट्या टाकून चहा-जेवण वाढतात.

हे सगळं रान आता व्याघ्र प्रकल्पात आहे, म्हणून ही वाट वर्षातून नागपंचमीच्या आसपासचे थोडेच दिवस उघडते. म्हणजे ऐन पावसाळ्यात. आल्प्समध्ये आभाळ भरून आलं की लोखंडी वाट सोडून खाली उतरा असं बजावतात, कारण विजेला तार खुणावते आणि ओला खडक पाय धरत नाही. नागद्वारला ओल्या, शेवाळलेल्या वालुकाश्मावरूनच जायचं असतं, आणि श्रद्धेपायी लोक जातात. त्या श्रद्धेपुढे मी हात जोडतो. तरी युरोपातल्या वाटेचं एक शहाणपण आपण घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

तिथे चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला दोन दोऱ्या असतात, दोन्हींच्या टोकाला कॅराबिनर. तार जिथे खडकात रोवलेली असते तो खिळा ओलांडताना एक काढायचा, पलीकडे लावायचा, मग दुसरा. माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. तरीही तोल गेला तर कॅराबिनर तारेवरून घसरत खालच्या खिळ्यापर्यंत येतो, आणि खाली कोणी असेल तर वरचा त्याच्यावर आदळतो. म्हणून दोन खिळ्यांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस, हा तिथला नियम.

हजारोंच्या यात्रेत प्रत्येकाला पट्टा बांधणं शक्य नाही, पण हा नियम पाळायला पैसा लागत नाही. तेव्हा यंदा नागद्वारला जाणार असाल तर वरच्याचे पाय शिडीच्या शेवटच्या पायरीवरून सुटेपर्यंत खाली थांबा, आणि मागच्यालाही थांबायला सांगा.