दुखणे सोसून उभी केलेली संस्था

माझ्या आत्याचे मन बिघडले तेव्हा पाहुणे आले की तिला माजघरात बसवीत. म्हणून अमेरिकेतील क्लिफर्ड बिअर्स यांची हकीकत सांगते.

भावाला फेफरे येई. आपल्यालाही येईल, या धास्तीने बिअर्स खचले. १९०० साली त्यांनी खिडकीतून उडी टाकली, जीव वाचला. पुढे तीन वर्षे इस्पितळांत मारहाण सोसली, कोंडून घेतले. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी काही झाकले नाही. १९०८ साली सारे पुस्तकात लिहिले व मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. १९०९ साली देशभराची. १९१३ साली न्यू हेवनला दवाखाना उघडला. तेथे उपचार घेऊन रोगी घरी जाई.

माझी आत्या माजघरातच गेली. कुणाच्या घरी असे दुखणे असेल, तर मंडळात येऊन सांगावे, झाकू नये.