कँटनच्या २०,२८३ पेट्या

इ. स. १८३९ च्या वसंतांत कँटन येथें इंग्रज व्यापाऱ्यांनीं चिनी सरकारच्या स्वाधीन केलेल्या अफूचा आंकडा बहुतेक ग्रंथांत २०,२८३ पेट्या असा आढळतो. हा आंकडा इंग्रजी बाजूचा होय. चिनी बादशहाचा खास आयुक्त लिन त्से-श्यू याच्या हिशेबांत १९,१८७ पेट्या व २,११९ पोतीं, एकूण वजन २३,७६,२५४ कॅटी, अशी नोंद आहे. कॅटी म्हणजे सुमारें सव्वा पौंडाहून किंचित् अधिक. बंगाली मणांत हें वजन सुमारें ३८,५०० मण भरतें. दोन्ही आंकड्यांत विरोध मानण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. चिनी वजनास इंग्रजी पेट्यांनीं भागिलें तर पेटीस सुमारें ११७ कॅटी पडतात. माळव्याची पेटी अदमासें १०० कॅटींची व चाळीस गोळ्यांची बंगाली पेटी तिच्याहून भारी, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मेळ बसतो. वाद आंकड्याचा नाहीं. हा माल कोणाचा व कोणत्या नात्यानें दिला, याविषयीं मात्र कागदोपत्रीं निरनिराळी भाषा आढळते. आणि पुढील युद्धाचें मूळ त्या भाषेंत आहे.

चीनमध्यें अफूच्या विक्रीस १७२९ सालींच बंदी झाली होती. १७५७ पासून पाश्चात्य गलबतांस कँटन हें एकच बंदर मोकळें होतें व तेथेंहि हाँग व्यापाऱ्यांच्या मध्यस्थीवांचून व्यवहार होत नसे. ईस्ट इंडिया कंपनीनें युक्ति काढिली ती अशी : बंगालची अफू कलकत्त्यास लिलांवानें विकावी, आणि ती चीनला नेण्याचा धोका खासगी व्यापाऱ्यांनीं पत्करावा. कंपनीच्या चहाच्या जहाजांवर अफूचा कण नाहीं, पण चहाची किंमत भागविणारी चांदी त्याच अफूची! १८२१ नंतर हा चोरटा व्यापार लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या कोठार-जहाजांवर हलला. १८३४ त कंपनीचा चीन-व्यापाराचा मक्ता संपतांच त्याला धरबंध उरला नाहीं.

बंगालच्या मालास तोडीस तोड असा माल माळव्यांतून येई. तेथें कंपनीची सत्ता प्रत्यक्ष नव्हती. शिंदे-होळकरादि संस्थानिकांच्या मुलुखांत पीक होई, सावकार त्यावर पैसा लावीत. संस्थानिकांशीं करार करून तो माल अडविण्याचा कंपनीचा यत्न फसला. माल पाली-कराचीच्या वाटेनें पोर्तुगीजांच्या दमणास पोहोंचे व तेथून सुटे. अखेर कंपनीनें अडविणें सोडून कर घेणें पत्करिलें. मुंबईस माल आणण्याचा परवाना पेटीस रु. १७५ दरानें मिळूं लागला. १८३५ त तो दर रु. १२५ केला. सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारखे मुंबईचे व्यापारी हा माल जार्डिन-मॅथेसन या कँटनच्या पेढीकडे अडतीनें पाठवीत. म्हणजे लिंटिनच्या जहाजांवरील पेट्यांचे धनी पुष्कळदां तेथें नसतच. असत ते त्यांचे अडते. माळव्यांतील व मुंबईंतील जुनीं सावकारी दप्तरें चाळणारांनीं संवत् १८९५-९६ च्या वह्या किरकोळ म्हणून बाजूस सारूं नयेत, ही विनंती.

लिन १० मार्च १८३९ रोजीं कँटनला आला. १८ मार्चला त्यानें सर्व अफू हवालीं करण्याचा हुकूम काढला. इंग्रजांचा व्यापार-अधीक्षक कॅप्टन चार्ल्स एलियट २४ तारखेस मकावहून कँटनच्या वखारींत दाखल झाला. त्याच दिवशीं वखारींस पहारा पडला व चिनी नोकर निघून गेले. २७ मार्च रोजीं एलियटनें जाहीरनामा काढून व्यापाऱ्यांस आज्ञा केली कीं, सर्व अफू राणी सरकारच्या कामाकरितां आपल्या स्वाधीन करावी. भरपाईस सरकार जबाबदार राहील. या सबंध प्रकरणांत इतक्या परिणामाचा दुसरा कागद नाहीं. लिनच्या हुकुमांत जो माल निषिद्ध, तोच एलियटच्या हातून जातांना राणीचा झाला. व्यापाऱ्यांनीं कुरकुर केली नाहीं. मागील हिवाळ्यापासून बाजार बसला होता आणि आतां प्रत्यक्ष ब्रिटिश सरकार गिऱ्हाईक लाभलें! एलियटजवळ मात्र द्रव्यहि नव्हतें आणि असें वचन देण्याचा अधिकारहि नव्हता.

माल ताब्यांत आल्यावर लिननें पेटीस पांच कॅटी चहा देऊं केला. तो हा माल गुपचूप विकील अशी बोलवा होती. ती खोटी ठरली. ३ जूनपासून तीन आठवडे हूमेन येथें टाक्या खणून, त्यांत पाणी, मीठ व चुना घालून अफू कालविण्यांत आली व भरती-ओहोटीचा वेळ साधून समुद्रांत सोडण्यांत आली. अमेरिकन मिशनरी ब्रिजमन हा १७ जून रोजीं तेथें हजर होता; त्यानें तपासणीची कडक व्यवस्था पाहून आपलें वर्णन छापलें आहे. समुद्राचें पाणी नासणार म्हणून लिननें समुद्रदेवतेची आधीं प्रार्थना केली होती.

लंडनच्या मंत्रिमंडळापुढें आलेला प्रश्न मुख्यतः पैशाचा होता. एलियटचें वचन मोडावें तर व्यापारी खवळतात, पाळावें तर पार्लमेंटकडे पैसा मागावा लागतो. तो चीनकडून वसूल करावा, असें १ ऑक्टोबर १८३९ च्या बैठकींत ठरलें. एप्रिल १८४० मध्यें विरोधी पक्षाचा निषेध-ठराव अवघ्या नऊ मतांनीं फेटाळला गेला.

युद्धाचा वृत्तांत येथें विस्तारानें देण्याचें प्रयोजन नाहीं. चूसान बेट पडलें. जानेवारी १८४१ मध्यें हाँगकाँग घेतलें. पुढें अमॉय, निंगपो, शांघाय, चिनकियांग अशीं शहरें एकामागून एक गेलीं. एक गोष्ट मात्र मुंबईकरांनीं लक्षांत ठेवावी. १८४० च्या आरमारांतील ‘वेलस्ली’ व ‘मेलव्हिल’ हीं चौऱ्याहत्तर तोफांचीं जहाजें मुंबईच्या गोदींत सागवानाचीं बांधलेलीं. आणि ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह झाला, तेंहि १८१३ सालीं जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं त्याच गोदींत बांधलें होतें. सैन्यांत मद्रासी शिपाई होते, हेंहि सांगितलें पाहिजे.

तहान्वयें चीननें दोन कोटि दहा लक्ष डॉलर द्यावयाचे ठरलें. पैकीं साठ लक्ष अफूचे, तीस लक्ष हाँग व्यापाऱ्यांच्या कर्जाचे, बाकी एक कोटि वीस लक्ष युद्धखर्चाचे. चौथ्या कलमाची भाषा बारकाईनें वाचावी. त्यांत अफूचे साठ लक्ष हे, मार्च १८३९ मध्यें कैदेंत असलेल्या इंग्रज अधीक्षकाच्या व प्रजाजनांच्या जिवाची खंडणी म्हणून दिलेल्या मालाची किंमत, असें म्हटलें आहे. एलियटच्या जाहीरनाम्यांत सरकारी कामाकरितां घेतलेला माल येथें खंडणी झाला. माल मकावच्या आसपास जहाजांवर, कैद कँटनच्या वखारींत. तरी वाक्यरचना बिनतोड. पेटीस हिशेब केला तर सुमारें २९६ डॉलर पडतात. आणि पुढें अफूचा व्यापार चालावा कीं बंद व्हावा, याविषयीं त्या तहांत एक अक्षरहि नाहीं. चोरटा व्यापार पूर्वीप्रमाणेंच चालला. मुंबईचा परवानाहि महागत जाऊन १८४७ त पेटीस रु. ४०० झाला.

दुसऱ्या युद्धाच्या ऐन मध्यंतरीं, नोव्हेंबर १८५८ मध्यें, शांघाय येथें जकातीचें पत्रक ठरलें, त्यांत अफूवर दर शंभर कॅटींस ३० टेल जकात बसवून ती कायदेशीर करण्यांत आली. त्या पत्रकाच्या चिनी प्रतींत तिला अफू म्हटलेलें नाहीं. तेथें ‘यांग-याओ’, म्हणजे ‘परदेशी औषध’, असा शब्द घातला आहे.